सुनेची रायफल, सासूचं बोट

पायल लग्न होऊन दारव्ह्याला आली तेव्हा तिच्या सामानात दोन बॅगा, एक मिक्सर आणि एक लांब काळी पेटी होती. टेम्पोतून पेटी उतरताना शेजारच्या बिजलीबाईंनी विचारलं, "बाजा हाय काय वं याच्यात? सून गाणं म्हणते काय?"

पायलच्या सासूला, मथुराबाईंना, आडवळणानं बोलायची सवय नव्हती. त्या म्हणाल्या, "नाई. बंदूक हाय."

त्यानंतर बिजलीबाई आठ दिवस फिरकल्या नाहीत, आणि आल्या तेव्हा नव्या सुनेला 'अवं' न म्हणता 'पायलताई' म्हणाल्या.

बंदूक म्हणजे छऱ्याची रायफल. दहा मीटरवर टांगलेल्या कागदावर उभ्यानं नेम धरायची. पायल अमरावतीला कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघात होती. लग्न ठरवताना तिनं राजदीपला, म्हणजे मथुराबाईंच्या मुलाला, एकच गोष्ट विचारली होती, दारव्ह्यात नेमबाजीची रेंज आहे का. राजदीप शाळामास्तर, त्यानं गावात चौकशी केली आणि त्यालाच धक्का बसला. रेंज होती. पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार पूनमसिंग राठोड यांनी कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये सहा दोऱ्या ताणून ती सुरू केली होती. दोरी ओढली की कागद सरकत जवळ येई, सोडली की लांब जाई.

मथुराबाई पहिल्यांदा रेंजवर गेल्या त्या सोबत म्हणून. नवी सून संध्याकाळी एकटी जिनिंगच्या शेडमध्ये जाते हे त्यांना पटेना, आणि जाऊ नको म्हणणंही पटेना. मग त्या मेथीची जुडी घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागल्या. झरी जामणी तालुक्यातल्या उपकेंद्रांवर चौतीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. जंगलातल्या वाड्यांवर पायी जाऊन लसी टोचलेल्या, बाळंतपणं केलेली. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी हात रिकामे बसायला शिकले नव्हते. महिनाभरात दारव्ह्याच्या बाजारातली सगळी मेथी निवडून झाली असावी.

एका संध्याकाळी पूनमसिंग म्हणाले, "सिस्टर, भाजी झाली असन तं जरा इकडं या. पाहा तं उचलून."

डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, असं त्यांनी सांगितलं. मथुराबाईंना ते सांगायची गरज नव्हती. कमरेवर लेकरू घेऊन दुसऱ्या हातानं कामं करण्यात त्यांचा जन्म गेला होता. पहिला छर्रा कागदावरच्या सातच्या वर्तुळात लागला, तिसरा नवाच्या. पूनमसिंगांनी कागद जवळ ओढून पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला.

"हात हालत नाई तुमचा," ते म्हणाले.

"हालला असता तं चौतीस वर्षांत किती लेकरं बोंबलली असती," मथुराबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्या मेथी न घेताच निघाल्या. साडीवर नेमबाजीचं जाड कॅनव्हासचं जॅकेट चढेना, तेव्हा साठाव्या वर्षी त्यांनी पहिला सलवार-कुडता शिवला.

भांडण पुढं वर्षभरानं उगवलं, आणि ते ट्रिगरवरून.

ट्रिगर दोन तऱ्हेचा लावता येतो. दोनटप्पी लावला तर बोट आधी थोडं मोकळं मागं येतं आणि मग एका जागी अडतं. तिथं थांबता येतं, काळं वर्तुळ पुन्हा एकदा मधोमध घेता येतं. मग जरासा जोर दिला की छर्रा सुटतो. एकटप्पीला ती मोकळी वाट नाही. बोट टेकलं की समोर भिंतच. जोर हळूहळू वाढवत न्यायचा, आणि छर्रा नेमका कधी सुटला ते आपल्यालाही नंतर कळतं. पायल पहिल्यापासून एकटप्पीवाली. मथुराबाईंना दोनटप्पीच आवडला. सिरिंज भरली की आधी दट्ट्या दाबून हवा काढायची, सुईच्या टोकावर थेंब दिसला की थांबायचं, मग टोचायचं. बोटाला ते पाठ होतं.

त्यांचे यजमान उकंडाजी एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी जेवता जेवता दोन्ही समजून घेतलं आणि निकाल दिला. "दोनटप्पी म्हंजे हाफ क्लच. पाय थोडा सोडला की गाडी पकडते, मंग सोडा. एकटप्पी म्हंजे थेट उडी. माह्या गाडीत पाशिंजर पडले असते."

पूनमसिंग रोज संध्याकाळी एक बारीक चावी घेऊन पायलनंतर स्क्रू फिरवून देत आणि मथुराबाईंनंतर परत. वर्षभर चाललं. मग यवतमाळच्या जिल्हा निवड स्पर्धेची तारीख लागली, बारा दिवसांवर. चाळीस छर्रे, चारशे गुण. पायलच्या गटाला पुण्याच्या राज्य स्पर्धेसाठी तीनशे पंच्याहत्तर लागत होते, पंचेचाळिशीच्या वरच्या बायकांच्या गटाला तीनशे चाळीस. पायलचे आजवरचे सर्वांत जास्त तीनशे एकाहत्तर. मथुराबाईंचे तीनशे छत्तीस. दोघींनाही चार-चारच कमी पडत होते, आणि दोघींनाही पुण्याला जायचं होतं. पायलनं ते बोलून दाखवलं होतं. मथुराबाईंनी दाखवलं नव्हतं. त्यांच्या नोकरीतल्या सगळ्या बदल्या, सगळे प्रवास सरकारनं ठरवलेले. स्वतः कमावलेल्या कशासाठी त्या जिल्ह्याबाहेर गेल्या नव्हत्या. हे त्या मनातल्या मनात इतक्यांदा बोलल्या होत्या की आता ओठावर आणायची लाज वाटत होती.

तारीख कळली नेमकं त्याच संध्याकाळी पायलनं छर्रा भरून नळीमागचा दांडा बंद केला आणि बोट लागायच्या आत छर्रा सुटून छताच्या पत्र्याला लागला.

पूनमसिंग धावत आले. रायफल हातात घेऊन त्यांनी ती उजेडात उलटीपालटी केली. "रोज फिरवू फिरवू स्क्रू ढिला झाला. आता याच्यावर गोंदाचा थेंब टाकतो अन् बसवून देतो. स्पर्धा होईपर्यंत चावी लावाची नाई. एकटप्पी ठेवा का दोनटप्पी, दोघी मिळून सांगा."

"दोघीले एकच?" मथुराबाईंनी विचारलं.

"रायफल एकच तं हाय."

घरी मथुराबाई भाकरी थापत होत्या. स्वयंपाकघर त्यांचं होतं. मिठाची बरणी डावीकडं, तिखटाची उजवीकडं, आणि पायलनं दीड वर्षात ती एकदाही हलवली नव्हती. रायफल पायलची होती. मग तिच्यावर कुणाची बरणी कुठं, हे कोण ठरवणार.

"आई, तुमचाच ठेवू," पायल म्हणाली. "मी घेते जमवून."

मथुराबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. हा आवाज त्यांना चांगला माहीत होता. स्वतःच्या सासूला त्यांनी हाच आवाज काढून पस्तीस वर्षं सगळं दिलं होतं आणि मनात एक-एक गोष्ट मोजून ठेवली होती.

"काहून? मी का भीक मागून राह्यली का? रायफल तुही, ट्रिगर तुहा."

"मग तुमचे तीनशे चाळीस?"

"नाई झाले तं नाई झाले."

"हे असं तोंड करून नाई झाले म्हणू नका."

"तोंड माहं हायच असं," मथुराबाई म्हणाल्या.

उकंडाजींनी ताटातून मान वर न करता राजदीपला विचारलं, "मास्तर, तुह्या शाळेत सासू-सून दोघी येतीन काय? नाव घालून दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर मोजून पाहिलं. दोघींनी दहा-दहा छर्रे दोन्ही तऱ्हांनी मारले. पायलचे एकटप्पीवर त्र्याण्णव, दोनटप्पीवर नव्वद. मथुराबाईंचे दोनटप्पीवर चौऱ्याऐंशी, एकटप्पीवर सत्त्याहत्तर. म्हणजे हा ठेवला तर ही घरी बसणार, तो ठेवला तर ती. आणि दोघीही 'तुमचाच', 'तुहाच' करत इतक्या हट्टाला पेटल्या की पूनमसिंगांनी गोंदाची बाटली खिशात टाकली. "घरी भांडून या. मी उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो."

पायल मात्र घरी गेली नाही. तिला तो आकडा खटकत होता. सत्त्याहत्तर. हात न हलणाऱ्या बाईचे सत्त्याहत्तर कसे येतात? आणि हात हलत नाही तर दोनटप्पीवरही चौऱ्याऐंशीच का, नव्वद का नाहीत? तिनं मोबाइल खुर्चीच्या पाठीला टेकवला आणि म्हणाली, "आई, मारा आणखी पाच. दोनटप्पीवरच मारा."

पाच छर्रे झाल्यावर तिनं चित्रफीत हळू करून पाहिली. एकदा पाहिली, दोनदा पाहिली, आणि खाली फरशीवर बसून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मथुराबाईंना राग आला.

"काय झालं?"

"तेच तर," पायल म्हणाली. "तेच म्हणता तुम्ही. बघा."

मथुराबाईंनी चष्मा लावून पाहिलं. पडद्यावर जॅकेटातली एक बाई नेम धरून उभी. बोट मागं आलं, अडलं. मग त्या बाईचे ओठ हलले. स्पष्ट दिसत होतं, 'झालं' म्हणत होती. खांदा सैल पडला, रायफलची नळी केसभर खाली आली, आणि त्यानंतर छर्रा सुटला. पाचही वेळा तसंच. आधी 'झालं', मग छर्रा.

मथुराबाई बघत राहिल्या. लस टोचताना त्या हेच करायच्या. लेकराच्या दंडावर कापूस फिरवायचा, 'झालं, झालं' म्हणायचं. ते ऐकून मूठ सुटली, दंड मऊ पडला की सुई आत. लेकराला कळेपर्यंत कापूस दाबलेला असे. झरी जामणीतल्या दोन पिढ्यांना त्यांनी असं फसवलं होतं. आणि आता वर्षभर त्या स्वतःलाच फसवत होत्या. टोचायच्या आधीच स्वतःचा खांदा सैल सोडत होत्या.

त्यांनाही हसू फुटलं. पूनमसिंगांनी चित्रफीत मागून घेतली आणि तीन वेळा पाहिली. घरी उकंडाजींनी पाहिली, तेव्हा ते मान हलवत म्हणाले, "हे मले पस्तीस वर्षांपासून माहीत हाय. ही भांडणात पण 'झालं, संपलं' म्हणते, अन् मंग सुरू करते."

"तुमाले कोणी विचारलं?"

"पाहा. झालं म्हणाचं राह्यलं फक्त."

रात्री मात्र मथुराबाईंनी नीट विचार केला, औषधाचा डोस ठरवावा तसा. दोनटप्पीवर बोट अडतं तिथं थांबायला जागा मिळते, आणि तो शब्द त्याच जागेत येऊन बसतो. एकटप्पीवर जागाच नाही. शब्द ओठावर यायच्या आत छर्रा गेलेला असेल. सत्त्याहत्तर आले ते वेगळ्या कारणानं: बोट तिथं नसलेली मोकळी वाट शोधत गेलं आणि घाईनं दाबलं गेलं. पण ते बोटाचं काम. बोटाला शिकवता येतं. तोंडाला शिकवायला साठ वर्षं गेली आणि अजून जमलं नव्हतं.

सकाळी चहा देताना त्या पायलला म्हणाल्या, "एकटप्पी बसवा म्हण हवालदाराले. अन् हे मी तुह्यासाठी नाई करून राह्यली, समजलं? दवा म्हून घेऊन राह्यली."

पायलनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. आवाजात मोजून ठेवलेलं काही सापडलं नाही. "बरं," ती म्हणाली.

गोंदाचा थेंब पडला. पुढचे दहा दिवस घरात वेगळाच कारभार चालला. फ्रिजच्या दारावर पायलनं एक काळी टिकली चिकटवली. मथुराबाई समोरच्या भिंतीला लागून रिकामी रायफल धरून उभ्या राहत, नुसता खटका वाजवत. बोट आधी बाहेर. टिकली स्थिर झाली की मगच बोट ट्रिगरवर, आणि टेकवलं की मागं वळून पाहायचं नाही. उकंडाजींना काम मिळालं. ते चमचा घेऊन बाजूला बसत आणि बायकोचे ओठ हलले की ताटलीवर टण्णकन वाजवत. पहिल्या दिवशी बिजलीबाई विचारायला आल्या, घरी भजन आहे का. चौथ्या दिवसानंतर चमचा क्वचित वाजू लागला. सातव्या दिवशी उकंडाजी कंटाळून म्हणाले, "आता काही मजा नाई राह्यली," आणि मथुराबाईंनी त्यांना बक्षीस म्हणून वांग्याची भाजी त्यांच्या आवडीची, भरपूर तिखट केली. मीठ पायलनं घातलं. बरणी कुठं ठेवायची ते मथुराबाईंनी सांगितलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी दोघी आणि पूनमसिंग सकाळच्या जीपनं यवतमाळला निघाले. पेटी आडवी बसेना, म्हणून ती सहा पाशिंजरांच्या मांड्यांवर ठेवली. एका म्हाताऱ्यानं विचारलं आत काय आहे. मथुराबाई म्हणाल्या, "बंदूक." म्हातारा हसला आणि म्हणाला, "बाई मोठ्या मजाकी हायेत." नेरपर्यंत त्यानं पेटीवर तंबाखू मळली.

"नेर काहून आलं मधात?" मथुराबाईंनी विचारलं. ड्रायव्हरनं आणखी चार पाशिंजर मिळवायला जीप लांबून घातली होती. पोचले तेव्हा पायलची फेरी सुरू व्हायला जेमतेम वीस मिनिटं उरली होती. ती धापा टाकत उभी राहिली आणि तीनशे सत्त्याहत्तर मारून बाहेर आली. चेहरा लाल, केस चिकटलेले. तिनं रायफल सासूच्या हातात दिली. "माझ्या हातांनी गरम आहे अजून," एवढंच म्हणाली.

मथुराबाईंचे पहिले दहा त्र्याऐंशी झाले, दुसरे दहा शहाऐंशी. तिसऱ्यात एकदा बोट जुनी वाट शोधायला गेलं आणि छर्रा चारात लागला. त्यांनी रायफल खाली टेकवली. मागं खुर्च्यांवर बसलेल्या पायलशी बोलायला बंदी होती, आणि वळून बघितलं असतं तर तिचं तोंड दिसलं असतं. त्या वळल्या नाहीत. एक्क्याऐंशीवर तिसरे दहा संपले.

किती लागतात हे त्यांनी मोजलं नाही. मोजत होती ती पायल: अडीचशे झाले, नव्वद हवेत, आणि आईंनी दहा छर्ऱ्यांत आजवर अठ्ठ्याऐंशीच्या वर कधी मारले नव्हते. तिनं पूनमसिंगांच्या हाताची बाही धरली ती सोडली नाही.

दहा. नऊ. नऊ. आठ. नऊ. मथुराबाईंना फक्त कमरेचं हाड, गालाला लागलेलं लाकूड आणि समोरचा काळा ठिपका कळत होता. दहा. आठ. नऊ. नऊ. शेवटचा छर्रा भरून त्यांनी नेम धरला, ठिपका डगमगला, त्यांनी रायफल उतरवली. परत धरली, परत उतरवली. घड्याळात वेळ होता. झरी जामणीत पहाडावर चढताना त्या अशाच थांबत. दम गेला म्हणून नाही, दम जायच्या आत. तिसऱ्यांदा ठिपका आपोआप मध्ये येऊन उभा राहिला. बोट टेकलं. जोर वाढत गेला, वाढत गेला, आणि छर्रा सुटला तेव्हा त्यांनाच दचकायला झालं.

दोरी ओढून कागद जवळ आणला. भोक दहाच्या आत होतं.

पायल खुर्च्यांपुढचा दोरखंड ओलांडून धावत आली आणि पंचांनी तिला हटकलं. ती हटली नाही. तिनं सासूला जॅकेटसकट मिठी मारली. ते जॅकेट इतकं ताठ की मिठी नीट बसेना. "तीनशे एकेचाळीस," ती म्हणाली. मथुराबाईंनी दोनदा विचारलं. दोनदा तेच उत्तर आलं. मग त्या खुर्चीवर बसल्या, चपला घालायला म्हणून वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

पुण्याच्या वेळापत्रकाचा कागद हातात आला तेव्हा नवी पंचाईत कळली. दोघींचे गट एकाच वेळी, एकाच सकाळी. एक रायफल दोघींना पुरणार नव्हती. पूनमसिंगांनी कपाळाला हात लावला, दोन फोन केले, आणि परत आले तेव्हा हसत होते. पोलिसातल्या एका जुन्या मित्राकडून महिनाभरासाठी रायफल मिळत होती.

"सिस्टर, उद्या येते ती. एकटप्पीच लावून ठेवू ना?"

"नाई," मथुराबाई म्हणाल्या. "दोनटप्पी लावा."

पायल बघतच राहिली. "आई. एवढे दहा दिवस मेहनत केली ना आपण? बाबांनी ताटली वाजवली. आता परत?"

"बोलणं बंद झालं माहं. आता थांबाले जागा असली तरी मी गप उभी राहीन."

"आणि तिथं तोंडातून निघालं तर?"

"निघालं तं निघालं. माह्या रायफलवर निघन." मथुराबाईंनी जॅकेटाची बटणं सोडली. "तुह्या रायफलवर मी तुह्या रीतीनं चालली, अन् चांगली चालली, नाई म्हणत नाई. आता ही महिनाभर माही हाय."

पायलनं पूनमसिंगांकडं पाहिलं. ते दाराकडं तोंड करून जीप शोधत असल्याचं दाखवत होते.

"बरं," ती म्हणाली, "पण पहिला टप्पा हलका ठेवा, काका. आईंचं बोट नाजूक आहे."

"नाजूक म्हणे," मथुराबाई म्हणाल्या, आणि पेटीचं एक टोक त्यांनी उचललं. दुसरं पायलनं.